पंधरा वर्षांवरचा लुळेपणा कोण मोजणार?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या भागांत धडधाकट माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले. गुइलेन-बॅरे सिंड्रोम हे अवघड नाव तेव्हा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. वर्तमानपत्रांनी त्याचं ‘जीबीएस’ केलं. संशयित रुग्णांचा आकडा बघता बघता दोनशेच्या पुढे गेला. कित्येकांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही दगावले. राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमलं, केंद्राचं पथक आलं, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. संशय पाण्यावर गेला. विहिरी, टाक्या, पाणी शुद्धीकरणाचे खासगी प्रकल्प तपासले गेले. काही आठवड्यांत साथ ओसरली आणि तिच्याबरोबर बातमीही.

जळगाव-धुळ्यात हे सगळं ‘पुण्याचं संकट’ म्हणून वाचलं गेलं. शहर वाढलं, पाण्याची व्यवस्था अपुरी पडली, आजार आला, अशी त्याची संगती लागली आणि आपण निश्चिंत झालो. ही निश्चिंती चुकीची आहे. साथ नसतानाही हा आजार दर वर्षी सगळीकडे होतो. जगभरच्या पाहण्यांमध्ये, ज्यातल्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत, त्याचं प्रमाण वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण एक ते दोन इतकं भरतं. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार होती, धुळ्याची २० लाख ५० हजार. म्हणजे दोन्ही जिल्हे मिळून ६३ लाखांच्या जवळ. तोच दर इथे लावला तर कोणतीही साथ नसताना या दोन जिल्ह्यांत वर्षाला साठ ते सव्वाशे माणसांना जीबीएस होत असला पाहिजे. आजची लोकसंख्या धरली तर आकडा आणखी वर जाईल.

ही साठ ते सव्वाशे माणसं कुठे आहेत? काही धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय रुग्णालयांत आहेत, काही खासगी अतिदक्षता विभागांत, काही नाशिक, संभाजीनगर, सुरत, इंदूर, मुंबईच्या नोंदवह्यांत. काही घरातल्या खाटेवर आहेत, आणि त्यांच्या आजाराला नावच मिळालेलं नाही. ती सगळी एका वहीत कुठेच नाहीत. हाच माझ्या लेखाचा मुद्दा आहे. विषाणूच्या किंवा जिवाणूच्या संसर्गानंतर शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच नसांवर किंवा मेंदूवर केलेला हल्ला, असे जे आजार आहेत, त्यांतले बरेचसे बरे होणारे आहेत. त्यांत माणूस वाचतो की जातो, चालतो की अंथरुणाला खिळतो, हे पुष्कळदा उपचार किती लवकर मिळाले यावर ठरतं. तो वेळ रुग्णाच्या हातात थोडा आणि व्यवस्थेच्या हातात जास्त असतो. आणि व्यवस्था जे मोजत नाही त्याची तयारी करत नाही.

आधी आजार नीट समजून घेऊ. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, जॉर्ज गिलँ, जाँ आलेक्सांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन लिहिलं. सैनिकांची ताकद गेली होती, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नव्हता, आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली होती. पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. संसर्गाने मेंदूज्वर झाला असता तर पेशीही वाढल्या असत्या. इथे जंतू मज्जासंस्थेत शिरलेच नव्हते. बिघाड दुसरीकडे होता, आणि तो काय असेल हे कळायला पुढे अनेक दशकं गेली.

आज जे कळलं आहे ते असं. साधारण दोनतृतीयांश रुग्णांना आजाराच्या आधीच्या सहा आठवड्यांत काही ना काही संसर्ग झालेला असतो, बहुधा जुलाब किंवा सर्दी-खोकला-ताप. शरीर त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, जंतू संपतो, माणूस बरा होतो. पण काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणावर साखर आणि चरबीचे जे रेणू असतात, त्यांची ठेवण आपल्या नसांवरच्या रेणूंसारखीच असते. कॅम्पिलोबॅक्टरच्या काही प्रकारांत हे साम्य फार जवळचं आहे. जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडं मग नसांना जाऊन चिकटतात आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. विहिरीवरच्या मोटारीला वीज नेणाऱ्या केबलचं वरचं आवरण उंदराने कुरतडावं, तार शाबूत असूनही मोटार बंद पडावी, तसं एका प्रकारात नसेच्या आवरणाचं होतं. दुसऱ्या प्रकारात थेट आतल्या तंतूवर घाव बसतो. पहिल्यात सुधारणा बहुधा चांगली होते. दुसऱ्यात काही जण झपाट्याने सावरतात, काहींना फार वेळ लागतो.

कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आहे, पण यादी तिथे संपत नाही. विषाणूंची रांग मोठी आहे: सायटोमेगॅलो, एपस्टाइन-बार, इन्फ्लुएन्झा, हिपॅटायटिस ई, झिका, कोविडचा सार्स-कोव्ह-२. २०१३-१४मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाची साथ आली तेव्हा त्या छोट्या बेटसमूहात जीबीएसचे ४२ रुग्ण सापडले आणि झिकाचा या आजाराशी असलेला संबंध जगासमोर आला. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. झिका, डेंगी आणि चिकुनगुन्या एकाच जातीच्या डासातून पसरतात, आणि चिकुनगुन्यानंतरही नसांचे व मेंदूचे असे आजार झाल्याच्या नोंदी आहेत. २००६च्या चिकुनगुन्याच्या साथीत महाराष्ट्रातली गावंच्या गावं सांधे धरून बसली होती. त्या तापानंतर किती जणांचे पाय लुळे पडले, हे खानदेशापुरतं सांगू शकेल अशी नोंद ठेवलेली मला माहीत नाही. ठेवायला हवी होती.

नसांइतकाच मेंदूही या हल्ल्यात सापडतो. गोवर झालेल्या साधारण हजारातल्या एका मुलाला मेंदूची अशी दाहक प्रतिक्रिया होते, आणि ती पुष्कळदा पुरळ ओसरताना, सगळं संपलं असं वाटत असताना सुरू होते. २०२२च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला होता. मालेगाव धुळ्याला किती लागून आहे हे वेगळं सांगायला नको. हर्पीसच्या मेंदूज्वरातून उठलेल्या रुग्णांपैकी काहींना, आठवडे उलटल्यावर, दुसरा आजार गाठतो. त्यात प्रतिपिंडं मेंदूतल्याच संदेश टिपणाऱ्या रेणूंवर हल्ला करतात. माणूस बरळतो, झोप उडते, ओळखीच्या माणसांवर संशय घेतो, हातापायांच्या विचित्र हालचाली होतात. २००७मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकारच्या एका आजाराची नेमकी ओळख पटवली. तोवर असे कित्येक रुग्ण जगभर मनोरुग्णालयात जात असणार. आपल्याकडे ते अजूनही आधी भगताकडे जातात, बाहेरचं लागलं म्हणून उतारे होतात. घरच्यांना मी दोष देणार नाही. कालपर्यंत शहाणी असलेली मुलगी आज वेड्यासारखी करू लागली तर घाबरलेलं घर जे दार उघडं दिसेल तिकडे जातं. आरोग्याचं दार जवळ आणि उघडं ठेवणं हे सरकारचं काम आहे.

आता वेळेचा प्रश्न जवळून पाहू. शिंदखेडा तालुक्यातल्या एखाद्या गावचा पस्तिशीतला शेतमजूर धरू. माणूस कल्पनेतला आहे, पण त्याच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा खानदेशात ओळखीचा वाटेल. जुलाब होऊन आठ-दहा दिवस झालेत, तो विसरूनही गेलाय. एका सकाळी दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या येतात. कपाशीत दिवसभर वाकून काम केलं म्हणून असेल, असं तो समजतो. दुसऱ्या दिवशी सायकलवरून उतरताना पाय गळतो. ‘पायस्मा जोर नही ऱ्हायना,’ तो बायकोला सांगतो. गावातला डॉक्टर सलाईन लावतो, ताकदीचं इंजेक्शन देतो. तिसऱ्या दिवशी शौचाला बसलं तर उठता येत नाही. अंगावरून वारं गेलं, असं शेजारी म्हणतात. तेल कोमट करून मालिश होते. चौथ्या दिवशी पाठ दुखतेय म्हणून तालुक्याला नेतात, कमरेचा फोटो काढला जातो, मणक्याचं निदान होतं. पाचव्या दिवशी हातही जड होतात. सहाव्या दिवशी आवाज नाकातून येऊ लागतो, पाणी गिळताना ठसका लागतो. तेव्हा धुळे. तिथल्या खासगी रुग्णालयात जागा नाही किंवा पैसे पुरणार नाहीत म्हणून दीडशे किलोमीटरवरचं नाशिक. त्या दीडशे किलोमीटरमध्ये त्याच्या छातीचे स्नायू थकतात.

यातल्या कुणीही मुद्दाम वेळ घालवला नाही. प्रत्येकाने त्याला जे सुचलं ते केलं. पण सहा दिवस गेले. हा आजार दोन ते चार आठवड्यांत आपला तळ गाठतो, आणि रुग्णांपैकी वीस ते तीस टक्क्यांना श्वासासाठी यंत्र लागतं. कुणाला लागणार हे आधी ओळखता येतं, आणि ओळखण्यासाठी महागडं काही लागत नाही. डॉक्टर किंवा परिचारिका खाटेजवळ उभी राहते आणि म्हणते, ‘आप्पा, खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा बरं.’ निरोगी माणूस सहज तीस-चाळीसच्या पुढे जातो. वीसच्या आत दम तुटला तर धोक्याची घंटा समजायची. मग सांगायचं, ‘उशीवरून मान उचला.’ मान उचलता येत नसेल तर श्वासाचे स्नायूही त्याच वाटेवर असण्याची शक्यता मोठी. सकाळी बत्तीस, दुपारी पंचवीस, संध्याकाळी अठरा, असा उतरता आकडा कागदावर लिहिलेला असेल तर रुग्णाला कधी हलवायचं याबद्दल वाद उरत नाही.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. कोविडने आपल्या घराघरात ऑक्सिमीटर आणला आणि बोटावरचा आकडा चांगला म्हणजे माणूस सुरक्षित, ही समजूत पक्की केली. जीबीएसमध्ये हा आकडा फसवतो. फुप्फुसं चांगली असतात, त्यामुळे स्नायू थकत थकत अगदी शेवटाला येईपर्यंत ऑक्सिजन ९७-९८ दाखवत राहतो, आणि घसरू लागतो तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो. ‘ऑक्सिजन नॉर्मल आहे, उद्या बघू,’ हे वाक्य या आजारात जीव घेऊ शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरला आणि १०८ रुग्णवाहिकेवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला एवढी एक गोष्ट माहीत असली तरी काही माणसं वाचतील.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही सिद्ध झालेले आहेत. पहिला प्लाझ्मा बदलण्याचा: रक्तातला द्रव भाग काढून टाकायचा, त्याबरोबर हल्ला करणारी प्रतिपिंडं जातात, आणि बदली द्रव द्यायचा. १९८५मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीने त्याचा उपयोग दाखवला. दुसरा इम्युनोग्लोब्युलिनचा: निरोगी रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांचं औषध शिरेतून द्यायचं. १९९२मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ते प्लाझ्मा बदलण्याइतकंच गुणकारी असल्याचं दाखवलं. दोन्हींचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. एकट्या स्टिरॉइडने या आजारात फायदा होत नाही, हेही अनेक चाचण्यांतून स्पष्ट झालं आहे. तरीही लुळेपणा दिसला की स्टिरॉइड सुरू करून चार दिवस वाट पाहण्याची सवय गेलेली नाही, आणि तेच चार दिवस मोलाचे असतात.

इम्युनोग्लोब्युलिनचा हिशेब मांडला की कुटुंबावर काय कोसळतं ते दिसतं. मात्रा ठरलेली आहे: वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. पुण्याच्या साथीत एका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. भाव निम्म्यावर आला तरी औषधाचाच खर्च काही लाखांत जातो. अतिदक्षता विभागाचं भाडं, व्हेंटिलेटर, तपासण्या वेगळ्या. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या घराने हे पैसे कुठून आणायचे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराचा समावेश आहे, पण योजनेचं कार्ड हातात असणं आणि योजनेत बसणाऱ्या, हे औषध जवळ असलेल्या, व्हेंटिलेटर मोकळा असलेल्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी पोचणं यांत फार अंतर आहे. पुण्यात साथ आल्यावर पालिकेच्या आणि शासकीय रुग्णालयांत मोफत उपचारांची घोषणा झाली. ती योग्यच होती. पण साथीत सापडलेल्या माणसाला जे मिळतं ते एकट्याने आजारी पडलेल्या अमळनेरच्या किंवा साक्रीच्या माणसाला का मिळू नये?

पैशाच्या अडचणीवर बांगलादेशातून एक वाट सापडते. ढाक्यातल्या डॉक्टरांनी प्लाझ्मा बदलण्याच्या महागड्या यंत्राशिवाय, साध्या रक्तपिशव्या वापरून, थोडं थोडं रक्त काढून, पेशी खाली बसू देऊन, वरचा प्लाझ्मा टाकून पेशी परत देण्याची पद्धत वापरून पाहिली. वीस रुग्णांवरच्या, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ती सुरक्षित आणि करता येण्याजोगी दिसली, आणि खर्च नेहमीच्या उपचारांच्या मानाने फार कमी. गुणाच्या बाबतीत शेवटचा शब्द मोठ्या चाचण्यांचा असेल. पण जिथे पर्याय काहीच नाही तिथे अशा पद्धतीचा गांभीर्याने विचार झाला पाहिजे, आणि तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनीच करायचा असतो. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८पासून शासकीय महाविद्यालय आहे, दोन्हीकडे रक्तपेढ्या आहेत. कोविडच्या काळात आलेले व्हेंटिलेटर आहेत. हे सगळं एका आजाराच्या वाटेवर ओळीने मांडलं गेलेलं नाही.

ओळीने मांडायला सुरुवात मोजणीपासून होते, आणि इथे आपल्याकडे नवं काही शोधायचं नाही. पोलिओच्या निर्मूलनासाठी देशाने १९९७पासून एक अतिशय बारीक जाळं विणलं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही असो, की ते कळवायचं. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि साठ दिवसांनी मुलाच्या घरी जाऊन ताकद परत आली का ते तपासायचं. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला, मार्च २०१४मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, आणि तरीही हे जाळं चालू आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरची आशाताईही त्यात आहे आणि शहरातला बालरोगतज्ज्ञही. या जाळ्यात सापडणाऱ्या, पण पोलिओ नसलेल्या मुलांमध्ये जीबीएसचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. म्हणजे लहान मुलांचा जीबीएस आपण मोजतोच, फक्त तो पोलिओ नाही एवढं ठरलं की फाइल बंद होते. आणि सोळाव्या वर्षी तर माणूस या जाळ्यातून जवळजवळ बाहेरच पडतो. मोठ्या माणसात पोलिओचाच संशय आला तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्याचा लुळेपणा कुणाच्या वहीत जात नाही. जीबीएसचं प्रमाण मात्र वयाबरोबर वाढत जातं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांनी पंधरा वर्षांची ती रेषा पुसावी. अचानक आलेला प्रत्येक लुळेपणा, वय कोणतंही असो, कळवला जावा. सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी कळवावा. नोंदीत पाच गोष्टी पुरेत: गाव, पाण्याचा स्रोत, आधीच्या सहा आठवड्यांतला आजार, लुळेपणा सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत गेलेले दिवस, आणि सहा महिन्यांनंतर माणूस चालतो का. या पाच रकान्यांतून दोन वर्षांत इतकं कळेल जितकं आज कुणालाच माहीत नाही. एका तालुक्यात दोन आठवड्यांत तीन रुग्ण दिसले तर पाण्याची तपासणी त्याच आठवड्यात होईल. अतिदक्षता विभाग भरून गेल्यावर साथ लक्षात येण्याची वेळ येणार नाही.

यावर येणाऱ्या आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप असा की लाखात एक-दोघांना होणाऱ्या आजारासाठी इतका खटाटोप का, कुपोषण आणि क्षयरोग बाकी असताना? पण ही मोजणी वेगळी यंत्रणा मागत नाही. चालू यंत्रणेत वयाची अट सैल करणं एवढंच ती मागते. शिवाय हा आजार बहुधा कमावत्या माणसाला गाठतो आणि योग्य उपचारांनी त्यातून माणूस बहुतांशी परत उभा राहतो. चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी मृत्यूचं प्रमाण तीन ते सात टक्के असतं. जिथे इतका फायदा शक्य आहे तिथे दुर्लक्ष महाग पडतं.

दुसरा आक्षेप भीतीचा. मोजणी सुरू झाली की लोक घाबरतील, विशेषतः लसीला घाबरतील. ही भीती अगदी निराधार नाही आणि म्हणून ती लपवू नये. जुन्या पिढीला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शनं आठवतात. कसौलीत तयार झालेली ती सेम्पलची लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, आणि त्या मेंदूतल्या द्रव्यांमुळे काही माणसांच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला केला, काहींना लुळेपणा आला. चांगली पर्यायी लस आली आणि २००४च्या अखेरीस देशात तिचं उत्पादन थांबलं. अमेरिकेत १९७६मध्ये स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिल्यावर लाखामागे साधारण एक जादा जीबीएस रुग्ण दिसला आणि मोहीम थांबवण्यात आली. दोन्ही ठिकाणी खोड सापडली ती मोजल्यामुळे. आणि मोजल्यामुळेच हेही ठामपणे म्हणता येतं की आजच्या लसींपासूनचा असा धोका अत्यंत कमी आहे, आणि गोवरासारख्या आजारापासूनचा धोका त्याच्या कित्येक पट मोठा. आकडे नसले की अफवा मोकाट सुटतात, आणि तयारीही राहून जाते. पेरूमध्ये २०२३च्या जुलैत जीबीएसमुळे राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. औषध, खाटा आणि पैसा यांची जुळवाजुळव घाईत करण्यापेक्षा ती आधी झालेली बरी.

तिसरा आक्षेप असा की खरा प्रश्न पाण्याचा आहे, तो सोडवा. हे मला पूर्ण मान्य आहे. खानदेशातल्या शहरांत आणि गावांत नळाला रोज पाणी येत नाही. दोन पाळ्यांमध्ये नळ कोरडा पडतो, तेव्हा फुटक्या जोडातून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या पाळीला ते पहिल्यांदा घरात येतं. म्हणून लोक टाक्या, ड्रम, हंडे भरून ठेवतात, आणि त्याच साठ्यात डेंगी-चिकुनगुन्याचा डास अंडी घालतो. जुलाबाचा जंतू, काविळीचा हिपॅटायटिस ई आणि तापाचा विषाणू या तिघांनाही एकच अनियमित नळ वाट करून देतो. पण जलवाहिन्या बदलायला वर्षं लागतात, आणि त्या कुठे आधी बदलायच्या हे ठरवायलाही आजाराची नोंदच लागते. तोवर क्लोरिन, उकळलेलं पाणी आणि आठवड्याला टाकी कोरडी करणं हे घरोघरी चालू राहिलंच पाहिजे. पाणी आणि मोजणी ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

रुग्णालयातून घरी आल्यावर संपतं असंही समजू नये. साधारण पाचातला एक रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालू शकत नाही. सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, चालू राहते, आणि ती व्यायामावर फार अवलंबून असते. खानदेशात फिजिओथेरपी शहरापुरती आहे. पारोळ्याच्या किंवा बोदवडच्या माणसाने आठवड्यातून तीनदा जळगावला यावं, हे त्याच्या लुळ्या पायांना आणि रिकाम्या खिशाला झेपणारं नाही. पाऊल लोंबू नये म्हणून लावायची साधी पट्टी, भिंतीला धरून उभं राहण्याचा सराव, घरच्या माणसाला शिकवलेले हातापायांचे व्यायाम, हे उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतून देता येईल. साठ दिवसांनी मुलाच्या घरी जाणारा माणूस मोठ्यांच्या घरीही जाऊ शकतो. त्याच्या हातात व्यायामाचा एक कागद देणं एवढंच बाकी आहे.

या सगळ्याला नवा कायदा लागत नाही. दोन्ही जिल्ह्यांचे आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, दोन्ही शासकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते आणि खासगी मेंदूविकारतज्ज्ञ एका बैठकीत बसले तर नोंदीचा तक्ता, रुग्णाला कुठून कुठे न्यायचं त्याची वाट आणि औषधाचा किमान साठा ठरू शकतो. खर्चाची तरतूद जिल्हा नियोजन समिती करू शकते; निवडून दिलेल्या प्रतिनिधींना तिथे हा विषय मांडायला सांगणं हे आपलं काम आहे. पोलिओच्या बूथवर बसून ज्या कार्यकर्त्यांनी लाखो बाळांच्या करंगळीवर शाई लावली, त्यांना ही कामं शिकवावी लागणार नाहीत. पंधरा वर्षांखालच्या एकाही मुलाचा लुळेपणा नोंदीवाचून राहू नये हे आपण एकदा ठरवलं आणि करून दाखवलं. त्या मुलांचे आईबाप, आजोबा-आजी यांच्या बाबतीत तेच ठरवायला आता आपल्याला काहीही अडवत नाही, आणि न ठरवण्याची किंमत दर वर्षी या दोन जिल्ह्यांतली काही घरं मोजत आहेत.